आईने मागितला तो समुद्र

परवा घरात समुद्रावर जायची बोलणी चालली होती. नातवंडं जमली होती, त्यांची मुलं जमली होती. एकाला अलिबाग हवं होतं, एकीला गणपतीपुळे, तिसऱ्याला जिथे मोबाइल लागत नाही असं काहीतरी. वाद रंगात आला तशी धाकटी नातसून म्हणाली, "ते काय ते ठरवा, पण आधी वसई. मूठभर नवे तांदूळ वसईच्या समुद्राला द्यायचे, मग बाकीचं. या घराण्याची जुनी चाल आहे ना ती? हो की नाही, आजोबा?"

मी "हो" म्हणालो.

आजवर असा "हो" मी पुष्कळदा म्हटला आहे. या वेळी तो मलाच पटला नाही. ही मुलगी दुसऱ्या घरातून आली, आणि आमची चाल आमच्या पोरांपेक्षा निष्ठेने सांभाळते. तिला तरी खरं कळायला हवं. ही चाल घराण्याची नाही. ती मी काढली, ऐन विशीत, खळ्यावर उकिडवा बसून. आणि ती देवधर्मासाठी काढली नव्हती.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या डोंगराळ भागात. भाताची खाचरं, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीवर नाचणी-वरी, आणि खाली भातसा नदी. आसनगावला आगगाडी पकडायची तर ती नदी ओलांडून जावं लागे. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. आमच्या वाडीतून इंग्रजी शिकलेला मी पहिलाच. मुंबईला कोटात, म्हणजे आताच्या फोर्टात, एका पेढीवर कारकून म्हणून लागलो होतो. गिरगावात खोली घेतली होती, बरोबर तीन-चार कारकून. संध्याकाळी काम सुटलं की आम्ही चौपाटीवर जाऊन वाळूत बसायचो.

हे मीच आईला सांगितलं होतं. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा घरी आलो तेव्हा ती पुन्हा पुन्हा विचारायची, "सांज झाली का काय करतोस रे? जेवण कुठं, बसतोस कुठं?" मी म्हणालो, "समुद्रावर बसतो, आये." तिने समुद्र पाहिला नव्हता. आमच्या वाडीत कुणीच पाहिला नव्हता. वडील तांदूळ घेऊन बैलगाडीने भिवंडीपर्यंत जात आणि येताना मीठ आणत. तिथली खाडी पाहून आल्यावर ते चारचौघांत सांगत, "समिंदर? मी पाह्यलाय की." त्यावर माझी धाकटी बहीण म्हणायची, "बा, तुमी समिंदराचं शेपूट पाह्यलंय."

मग आईचे डोळे बिघडले. आधी तिला बाजूचं दिसेना, चालताना दाराची चौकट खांद्याला लागू लागली. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की आतली नस सुकत चालली आहे, इलाज नाही, वर्षभर दिसेल, फार तर थोडं अधिक. परतीच्या गाडीत वडील खिडकीबाहेर बघत राहिले. आई मात्र हिशेबी बाई. उरलेलं धान्य किती दिवस पुरवायचं तसं उरलेल्या नजरेचं करायला लागली. घरी आल्यावर भाकरी थापता थापता म्हणाली, "मला याचा दर्या दावा."

"कुणाचा?" वडिलांनी विचारलं.

"याचा. माझ्या लेकाचा. सांजचा बसतो तो. एक डाव पाह्यला म्हंजी झालं. डोळं गेल्यावर हा तिकडं गेला का मी हितं चुलीपाशी बसून पाहीन, आता तिथं बसलाय म्हणून."

तिचं मागणं इतकंच होतं. समुद्र तिला मोठा, निळा, पवित्र असा काही नको होता. तिला माझी बसायची जागा हवी होती.

झोडणी झाली, भात घरात आलं, तेव्हा माझा मामा गावी आला. तो लालबागला गिरणीत होता. खळ्यावर पेंढ्याला टेकून आम्ही सगळे बसलो आणि कुठे जायचं ते निघालं.

मामा म्हणाला, "त्यात इचार काय करायचा? चौपाटी. माझ्या खोलीवर उतरा. आक्का, तिथं सांजचं दिवं लागतात ना, पार वाळूत उजेड. पोरं, बाया, फुगं, भेळ. जत्राच गो रोजची."

"रोज जत्रा?" आईचा चेहरा उजळला. "आन हा त्या जत्रेत बसतो?"

"बसतो तर."

वडिलांनी आपलं घोडं पुढे केलं. "भिवंडीची खाडी काय वाईट हाय? पानी खारं, वारा खारा. घरची गाडी जुपली का झालं."

"आन शेपटाला हात लावून माघारी," बहीण म्हणाली, आणि वडिलांनी तिच्या अंगावर पेंढ्याची काडी फेकली.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र दुसरंच उभं होतं. चौपाटीवर मी आणि माझे सोबती बसलो आहोत. इस्त्रीचे कोट, डोक्यावर काळ्या टोप्या. आणि समोरून येताहेत वडील, गुडघ्यावरचं धोतर, खांद्यावर घोंगडी. त्यांच्यामागे गुडघ्यापर्यंत घट्ट खोचलेलं लुगडं नेसलेली, हातभर गोंदलेली, अनवाणी आई, डोक्यावर गाठोडं. ती मोठ्याने हाक मारणार. तिला हळू बोलता येतच नसे, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय.

सोबत्यांना मी म्हणालो होतो की शहापूरकडे आमची शेतीवाडी आहे. त्यांनी त्यातून जमीनदारी काढली, मी ती खोडली नाही. आमची होती चार खाचरं. "जमीनदार" हाक मारली की मी वळून बघायचो, इथवर मजल गेली होती.

म्हणून मी उकिडवा झालो, काडी उचलली आणि खळ्याच्या सारवलेल्या जमिनीवर रेघा ओढल्या.

"ही आपली भातसा," मी म्हणालो. "ही मुरबाडकडून येणारी काळू. दोघी मिळून उल्हास नदीला मिळतात. मग कल्याण, मग बाबा म्हणतात ती भिवंडीकडची खाडी, आणि शेवटी वसई. आपल्या खाचरातलं पाणी तिथे समुद्राला मिळतं. चौपाटीला आपलं पाणी जातच नाही."

हे सगळं खरं होतं, भूगोलाच्या पुस्तकातलं. पण नुसत्या खऱ्याने भागेना. मामा म्हणाला, "पानी कुठलं का असंना, आक्काला मजा पाह्यचीय." तेव्हा मी पुढचं रचलं.

"आपलं पाणी जिथे जातं तो आपला समुद्र. तिथे जाऊन मूठभर नवे तांदूळ द्यायचे. जुनी माणसं द्यायची."

"कोन द्यायची?" वडिलांनी विचारलं. "आमचा बा तर कदी गेला नाय."

"त्यांच्याही आधीची."

झालं. वडील कुणाशीही वाद घालत, पण आपल्या मेलेल्या माणसांशी नाही. आजोबांच्याही आधीची माणसं म्हटल्यावर त्यांनी हातातली विडी विझवली आणि म्हणाले, "आसंल. आपल्याला कुनी सांगितलंच नाय ते." मामाने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

आईने एवढंच विचारलं, "तू सांजचा तिथंच बसतोस ना?"

"समुद्र एकच असतो, आये," मी म्हणालो.

वडिलांचं म्हणणं पुनवेला जावं. पर्वणीशिवाय समुद्राला शिवायचं नाही, एवढं त्यांनी ऐकलं होतं. मी म्हणालो, पुनवेला मला सुट्टी नाही, रविवारीच जाऊ. तेही माझंच खरं झालं. शिकलेल्या मुलाचं त्या काळी घरात फार चाले.

आसनगावहून सकाळच्या गाडीने निघालो. दादरला उतरून पूल ओलांडायचा आणि दुसऱ्या लाइनची गाडी पकडायची. पुलावर मी पुढे होतो. चारचौघांत बरा दिसेन एवढं अंतर ठेवून पुढे. गर्दीत वाट काढायला हवी, असं मी स्वतःला सांगत होतो. मागून आईचा आवाज आला, बांधावरून यावा तसा, "बघा, कसा चालतो माझा लेक! सायबच जसा!" दोन-चार माणसं वळून हसली. मी मान वळवली नाही. वडील म्हणाले, "आगं हळू, मुंबय हाय ही." ती म्हणाली, "मंग? मुंबयला काय कान नायत?"

वसईला टांगा केला. केळीच्या बागा, विहिरींवरचे रहाट, फुलांचे वाफे. बहीण प्रत्येक गोष्ट आईला सांगत होती, "आये, इतकी केळी! आये, ह्यो पिवळा झेंडू, नाय, शेवंतीच!" आई मान हलवत होती. तिला समोरचं तेवढं दिसे, नळीतून बघावं तसं, आणि तेही लांबचं धूसर. माडांच्या पलीकडे टांगा थांबला. आम्ही उतरलो, वाळूचा उंचवटा चढलो, आणि उभे राहिलो.

समुद्र नव्हता.

ओली, करडी, सपाट जमीन होती, नजर जाईल तिथपर्यंत. मध्ये मध्ये पाण्याची डबकी चमकत होती. अगदी टोकाला, आभाळाच्या कडेला, एक पांढुरकी रेघ.

भरती-ओहोटीवर मी परीक्षेत पानभर उत्तर लिहिलं होतं, चंद्राच्या आकर्षणासकट. पण ओहोटी म्हणजे समुद्र असा उठून जातो हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आमच्याकडे पाणी एकाच दिशेने जातं. मागाहून पंचांग पाहिलं, त्या दिवशी नवमी होती. भर दुपारी पाणी लांब जायचा दिवस. वडिलांच्या पुनवेला आलो असतो तर त्याच वेळी समुद्र थेट माडांपर्यंत असता.

वडील कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "येवढी खाचरं, आन एक बांध नाय."

बहीण म्हणाली, "दादा, पानी कुनी सोडलं रे?"

आई आमच्यामध्ये उभी होती. तिने पदर सारखा केला, कपाळाचं कुंकू चाचपलं. पाहुण्यांकडे जाताना करतात तसं. "आला का दर्या?" तिने विचारलं. "आवाज कसा नाय येत?"

"लांब आहे, आये," मी म्हणालो. "पाणी मागे गेलंय. येईल."

"कदी?"

ते मला माहीत नव्हतं. परतीची गाडी पकडायची होती. आईने पायाने ती जमीन दाबून पाहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं काही आलं. "चिखलच हाय ना? मंग थांबायचं कशाला? आपनच जाऊ." तिने लुगडं आणखी वर खोचलं, तांदळाची पुरचुंडी कमरेला लावली आणि माझा दंड धरला.

मी बूट काढले. कोट मात्र अंगात राहिला. पहिल्या डबक्यापाशीच माझा पाय सटकला. आईने दंड धरला होता म्हणून मी वाचलो. "टाच नको टेकवू," ती म्हणाली. "लावनीला कदी आलाच नायस तू, पुस्तकं घेऊन बसायचास." ती त्या चिखलातून आपल्या घरात चालावी तशी चालत होती. अर्ध्या वाटेवर डोळस मी आणि धड न दिसणारी ती, कोण कुणाला नेत होतं ते सांगता येत नाही. मागे वडील ओरडत होते, "लय आत नका जाऊ रं!" आणि बहीण समुद्राला वाहायचा नारळ पोटाशी धरून आमच्यामागे पळत होती.

पाणी आलं ते घोट्याला लागलं तेव्हाच कळलं. आई थबकली. "आगो बाई," ती म्हणाली, "हालतंय की हे!" नदीचं पाणी वाहतं. हे यायचं आणि जायचं, परत यायचं. तिने ओंजळीत घेऊन तोंडाला लावलं, थुंकली, आणि इतकी हसली की मला तिला धरून ठेवावं लागलं. मग पुरचुंडी सोडून मूठभर तांदूळ पाण्यावर टाकले. "घे रे बाबा," ती समुद्राला म्हणाली, "तुझंच पानी, तुझंच भात." माझी खोटी चाल तिने त्या एका वाक्यात खरी करून टाकली. बहिणीने नारळ फेकला. लाटेने तो परत आणून तिच्या पायाशी ठेवला. पुन्हा फेकला, पुन्हा आला. "याला नकोय वाटतं," ती म्हणाली. "आपनच खाऊ." तो आम्ही खाल्लाही.

पाणी चढू लागलं तसे मागे फिरलो आणि काठावर भाकरी-चटणी सोडून बसलो. दुपार कलताना समुद्र आमच्या मागोमाग आला. आई पुढे वाकून बघत होती. "काय तरी पांढरं सरकतंय," ती म्हणाली. "तो फेस आहे, आये." "तर मग दिसला मला," ती म्हणाली, आणि जरा वेळाने, "माणसं कुठं हायत रे? आन दिवं?"

"आज नाहीत."

"तू बसतोस कुठं?"

वडील टांगेवाल्याला बघायला गेले होते. बहीण शिंपल्या वेचत होती. खरं सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. भरतीने कधीतरी आणून टाकलेला एक जाडजूड ओंडका वाळूत अर्धा रुतला होता. मी म्हणालो, "तो ओंडका आहे ना, त्यावर."

ती उठली. ओंडक्यापाशी जाऊन तिने त्यावरून हात फिरवला, सालीचा खडबडीतपणा, टोकाची फट, सगळं. मग त्यावर बसली. पाय खाली टेकवले, हात मांडीवर ठेवले, तोंड पाण्याकडे. मी कसा बसत असेन तसं ती बसून बघत होती. बराच वेळ. मग म्हणाली, "बरी हाय जागा. वारा हाय."

वर्ष सरायच्या आत तिचे डोळे गेले. पुढे ती बरीच वर्षं जगली. वडिलांनी ती चाल धरली. दर वर्षी नवे तांदूळ वसईला, आणि आता पुनवेला. गावात सांगत, आमच्या वाडवडलांचं हाय. आई चुलीपाशी बसून सांज झाली की बहिणीला म्हणायची, "आता तो ओंडक्यावर बसला आसंल." हे बहिणीने मला सांगितलं, सहज, कौतुकाने.

एकदाच मला शंका आली. मी सुट्टीला आलो होतो. आई अंधारात बसावी तशी भर उजेडात बसली होती, माझा आवाज ऐकत. अचानक म्हणाली, "काम सुटल्यावर दोन गाड्या बदलून जातोस रे तिथं रोज? थकत आसशील." मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा चुलीकडे होता, ओठ जरासे दुमडलेले. ती हसत होती का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी म्हणालो, "नाही थकत, आये." ती म्हणाली, "मंग बरं. भाकरी घे."

त्यानंतर मी काही रविवार खरंच वसईला गेलो. गिरगावातून गाडीने, मग टांग्याने, एकटाच. त्या ओंडक्यावर सांज होईपर्यंत बसायचो. निदान तेवढ्या सांजा तरी तिला दिसत होतं ते खरं असावं, म्हणून. एका पावसाळ्यानंतर ओंडका जागेवर नव्हता. आईला ते मी सांगितलं नाही. सोबत्यांना मात्र सांगून टाकलं की मी जमीनदार नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. एकाचे वडील तर म्हशी राखत. पण तोवर आईला चौपाटीवर नेऊन काही दाखवण्यासारखं उरलं नव्हतं. तरी न्यायला हवं होतं. तिला तिथला आवाज आवडला असता.

तर मुलांनो, वसईची चाल मोडा असं मी म्हणत नाही. आईने त्या पाण्यात तांदूळ टाकले आहेत, ती आता माझ्या बोलण्यावर उभी नाही. पण यंदा आधी चौपाटीला जा. संध्याकाळी जा, दिवे लागायच्या वेळी. मोठ्याने बोला, एकमेकांना लांबून हाका मारा. भेळ घ्या आणि पाण्याकडे तोंड करून खाली बसा. तिथे ओंडका नाही, नुसती वाळू आहे. मी तिथे बसत होतो.